काचेच्या मुठींची वाटणी

वाटण्या घरोघरी होतात. कोणी भांडी वाटून घेतं, कोणी खोल्या, कोणी म्हाताऱ्या आईचे महिने. पण जोडीतली एक मूठ तुला आणि एक मला, अशी वाटणी या दोघा भावांनी केली तशी कुणी केल्याचं ऐकिवात नाही. आणि ती अक्कल थोरल्याची होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढं बावीस वर्षं तो त्याचं खापर धाकट्याच्या डोक्यावर फोडत राहिला.

थोरल्याला सगळे दादा म्हणत. बाजाराच्या मागच्या बोळात त्याचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, एक माणूस आणि एक कानस मावेल एवढी खोबण. धाकटा आरशांच्या कारखान्यात काच कापायचा. आणि या दोघांचे वडील, आबा, जुनी घरं पाडायचे.

घर पाडायचं म्हटलं की पाडकामवाल्यांची नजर लोखंडावर, सागवानावर, शिशाच्या नळांवर. आबांचा जीव मात्र दारांच्या काचेच्या मुठींवर. दाराच्या अलीकडं एक मूठ, पलीकडं एक, आणि मधून चौकोनी लोखंडी दांडी. कुठली आठ पैलूंची, कुठली भोपळ्यासारख्या फाका पाडलेली, कुठलीच्या पोटात हवेचा एकच बुडबुडा शंभर वर्षं अडकून बसलेला. आबा भिंतीला पहिला घण घालायच्या आधी दारांपाशी जात, दांडीचा बारीक स्क्रू सोडवत आणि दोन्ही मुठी एकाच फडक्यात समोरासमोर तोंडं करून बांधत. एक फुटलेली निघाली तर दुसरी कितीही देखणी असो, तिथंच सोडून येत. "एकटी मूठ म्हणजे बाटलीचं बूड," म्हणायचे. आणि दुसरा नियम पोरांसाठी: मुठीच्या पितळी गळ्याला कानस लावायची नाही. हिरवट झाला असेल तर चिंधीनं पुसा, राखेनं घासा, पण कानस दिसली तर हात मोडून ठेवीन.

असं करत करत चाळीस वर्षांत छत्तीस जोड्या झाल्या. आता छत्तीसच का व्हाव्यात? एखादी कमी किंवा जास्त होती तर कदाचित पुढचा छत्तीसचा आकडा टळला असता, असं दादाची बायको म्हणायची. तिला जीभ होती, आणि ती वापरायची लाज नव्हती.

त्या छत्तिसांत नऊ जोड्या टेकडीवरच्या बंगल्याच्या होत्या. त्या बंगल्याच्या मालकाची आई डोळ्यांनी अधू होती म्हणे. हात लावला की कुठली खोली ते तिला कळावं, म्हणून नऊ दारांना नऊ घाटांच्या मुठी केल्या होत्या. पुढं बंगल्यात कचेरी आली, दारांना लोखंडी कड्या बसल्या, आणि मुठी उतरवायला आबांना बोलावलं गेलं. त्या नऊ जोड्या घरी आल्या त्या दिवशी आबा जेवले नाहीत. जमिनीवर फडकं अंथरून नुसते बघत बसले.

आबा गेले आणि वाटणीचा दिवस आला. मध्यस्थ म्हणून आत्या बसली होती. खोल्यांचं झालं, भांड्यांचं झालं. मुठींपाशी गाडी अडली.

आत्या म्हणाली, "त्यात काय? एक जोडी याची, एक त्याची. पाळीपाळीनं उचला."

वरवर बघता सरळ होतं. पण दादाच्या मनात पाल चुकचुकली. धाकटा काचेच्या धंद्यातला. कुठली काच अस्सल, कुठली दुय्यम, हे त्याला एका नजरेत कळणार. हा नेमक्या चांगल्या जोड्या उचलेल आणि आपण बसू भोपळे मोजत.

"तसं नाही," दादा म्हणाला. "प्रत्येक जोडीतली एक याला, एक मला. म्हणजे लबाडीला जागाच नाही."

आत्यानं कपाळावर हात मारला. "अरे, चपलांची वाटणी करताय का? डावा पाय तुझा, उजवा माझा? दोघंही लंगडत फिरा मग गावभर!"

धाकट्यानं एक जोडी उचलली, फडक्याची गाठ सोडली, दोन्ही मुठी थोड्या वेळ दोन हातांत धरल्या आणि मग म्हणाला, "दादाला हवं तसं होऊ दे."

दादाचा हिशेब निराळाच होता. त्याला वाटलं, आठ दिवसांत हा येईल. म्हणेल, दादा, चुकलंच, सगळ्या तुझ्याकडंच असू देत, तू मोठा. मग आपण जरा आढेवेढे घेऊ आणि ठेवून घेऊ. म्हणजे त्याच्या मनात वाटणी ही वाटणी नव्हतीच. ते नुसतं आमिष होतं. धाकटा मात्र आठ दिवसांत आला नाही, आठ महिन्यांत आला नाही. आणि दादानं तरी का जावं? तो थोरला होता ना!

दादानं आपल्या छत्तीस मुठी कापसात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवल्या, पेटी पलंगाखाली सारली आणि किल्ली कमरेला लावली. वर्षातून एकदा पेटी उघडायची, कापूस बदलायचा, पुन्हा बंद. बायको म्हणायची, "झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आपल्या तर छत्तीस झाकलेल्या! आपल्यासारखे श्रीमंत आपणच."

तिसऱ्या की चौथ्या वर्षी धाकट्याच्या कारखान्यातला माणूस दुकानात आला. घरोघर आरसे पोचवायचं त्याचं काम. कुलूप निवडता निवडता म्हणाला, "तुमच्या भावानं निरोप दिलाय. म्हणाला, दादाला सांग, मुठी पेटीत कोंडू नको. उन्हात ठेव. मी माझ्या उन्हातच ठेवल्यात. कारण की..."

"कारण मला ठाऊक आहे," दादा उसळला. "उन्हानं पडद्याचा रंग उडतो, लाकूड तडकतं, माणूस काळा पडतो. हे शेंबड्या पोराला कळतं. आणि हा काचेतला दर्दी मला सांगतोय उन्हात ठेव! माझ्या अर्ध्या खराब झाल्या की याच्या अर्ध्या भारी, असंच ना?"

"अहो, ऐकून तर घ्या..."

"कुलूप घ्यायचं तर घे, नाहीतर वाट धर."

माणसानं वाट धरली. दादा घरी आला आणि त्यानं कापसावर आणखी एक काळं कापड गुंडाळलं, पेटीच्या फटीला मेणाची वात दाबून बसवली. बायको विचारत राहिली, हे काय चाललंय? तो म्हणाला, "शत्रूनं पूर्वेला जा म्हटलं की आपण पश्चिमेला जावं." बायको म्हणाली, "आणि भावानं म्हटलं तर?" दादानं मेणाची वात आणखी घट्ट दाबली.

अशी बावीस वर्षं गेली. गेल्या वर्षाच्या शेवटी धाकटा गेला. छातीत कळ आली आणि तासाभरात संपलं. दादा त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेला, तिथं जमलेली माणसं बघितली, आणि चपलेचा अंगठा तुटल्याचं निमित्त करून परत फिरला. चपलेचा अंगठा खरोखरच तुटला होता. पण तो गल्लीच्या तोंडाशी आल्यावर, आणि दादानंच जोरानं ओढला तेव्हा.

त्यानंतर आठ महिन्यांनी एक बाई दुकानात आली. केसांवर चुन्याची धूळ, काखेत गुंडाळलेले नकाशे. जुन्या इमारती दुरुस्त करायचं तिचं काम.

"कुलूपवाले दादा आपणच?"

"बाहेरची पाटी तसं म्हणते."

बाई हसली. "टेकडीवरच्या बंगल्याचं वाचनालय होतंय. जुनी दारं तळघरात सापडली, ती परत लावतोय. कचेरीच्या कागदांत तुमच्या वडिलांचं नाव निघालं. दारांच्या मुठी त्यांनी उतरवल्या होत्या. नऊ दारं, नऊ प्रकार. कुठं गेल्या असतील, काही कल्पना आहे?"

दादाच्या हातातली कानस थांबली. "आहेत."

"सगळ्या?"

"नवाच्या नऊ."

खोटं काही नव्हतं. नऊ होत्याच. आणखी नऊ कुठं होत्या हे बाईनं विचारलं नव्हतं, म्हणून त्यानं सांगितलं नाही.

बाईचा चेहरा उजळला. "मग त्याच लावू! आणि आत शिरल्याबरोबर पितळी पाटी, तुमच्या वडिलांच्या नावाची. त्यांनी जपल्या नसत्या तर आज मिळाल्या नसत्या. फक्त एक आहे. मला पूर्ण जोड्या हव्यात. एकेकट्या असतील तर नको, मी नव्या करायला टाकते. पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दारं बसतील."

ती गेली आणि दादानं हातातलं काम बाजूला सारलं. घर बांधणाऱ्याचं नाव दगडावर कोरतात. पाडणाऱ्याचं कोण कोरतं? आबांनी उभ्या जन्मात तीनशे-चारशे घरं पाडली; त्यांच्या कामाची खूण म्हणजे रिकामी जागा. आता पहिल्यांदाच त्यांचं नाव कुठल्या तरी दाराशी लागणार होतं. पितळेत. येणारा-जाणारा वाचणार होता.

घरी त्यानं बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग जा की धाकटीकडं."

"मी जाऊ?"

"नाही, मुठी येतील चालत."

"ती नाही म्हणाली तर?"

"तर तुमच्या नाकावरची माशी उडेल, दुसरं काय होणार आहे? बावीस वर्षं बसलीय."

दुसऱ्या दिवशी दादानं नऊ मुठी पिशवीत घातल्या आणि धाकट्याच्या घरी गेला. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. दार उघडलं ते धाकटीनं, म्हणजे धाकट्याच्या बायकोनं. केस पांढरे झाले होते. तिनं त्याला ओळखलं, पण लगेच बाजूला सरली नाही.

"चप्पल शिवली वाटतं," ती म्हणाली.

दादाची मान खाली गेली. म्हणजे गल्लीच्या तोंडाशी त्याला कुणी तरी बघितलं होतं.

"या. दारात उभं राहून काय उपयोग?"

तिनं पाणी दिलं. त्यानं एका घोटात संपवलं आणि बंगल्याचं सगळं सांगितलं. बाई, दारं, वाचनालय, आबांच्या नावाची पाटी. सांगताना तो भिंतीकडं बघत होता. धाकटी ऐकत होती. शेवटी तो म्हणाला, "तुझ्या नऊ मिळाल्या तर जोड्या होतील. आबांसाठी."

"आबांसाठी," ती म्हणाली. "बरं. मला कुठं त्यांची भाजी करायचीय? न्या. पण दारांवर लावायच्या, दादा. यांचा रोज हात लागलेल्या आहेत त्या. आता लोकांचा लागू दे. तेवढं वचन द्या."

"दिलं."

इतकं सोपं असेल असं त्याला वाटलं नव्हतं. भांडायची सगळी तयारी करून आलेला माणूस, आणि समोरच्यानं तलवारच खाली ठेवली, की त्याला आपले हात कुठं ठेवावेत कळत नाही.

"या इकडं, गॅलरीत आहेत."

गॅलरी उघडी होती, दक्षिणेला तोंड करून. कठड्यावर एक लांब फळी ठोकलेली, फळीला भोकं पाडून त्यांत छत्तीस मुठी ओळीनं बसवलेल्या. सकाळचं ऊन त्यांच्यावर पडलं होतं. दादा उंबऱ्यातच थांबला.

सगळ्या जांभळ्या होत्या.

काही वांग्याच्या फुलासारख्या फिक्या, काही गडद, बुडाशी तर शाईसारख्या. आठ पैलूंची जांभळी, भोपळ्याची जांभळी, बुडबुड्याचीही जांभळी. उन्हानं त्यांच्या पोटातून फळीवर जांभळे ठिपके पाडले होते.

"रंग कधी दिला?" दादानं विचारलं.

"रंग कशाला देतील? उन्हानं झाल्या. पहिली दोन-तीन वर्षं नुसती झाक होती. मग चढत गेला. निरोप पाठवला होता ना तुम्हाला."

दादानं पिशवीत हात घातला. कापसातून आठ पैलूंची मूठ काढली आणि फळीवरच्या तिच्या जोडीदारापाशी धरली. तीच काच, तोच घाट, तोच साचा. एक जांभळी आणि एक पाण्यासारखी पांढरी. आबांनी एका फडक्यात बांधून आणलेल्या या दोघी. आता रस्त्यात एकमेकींना भेटल्या तर ओळखणार नाहीत.

धाकटीनं ती पांढरी मूठ बघितली. मग पिशवीतला कापूस बघितला, काळं कापड बघितलं. तिला सगळं कळलं. ती आत गेली आणि मुठी बांधायला जुनं धोतर घेऊन आली.

चार दिवसांनी बाई दुकानात आली. दादानं अठरा मुठी दोन ओळींत मांडल्या होत्या. तोंड मात्र असं, जसं कुणी त्याला कोर्टात उभं केलंय.

बाईनं बघितलं आणि आधी ती हरखलीच. "अरे वा! या उन्हातल्या. जुन्या काचेत एका खनिजाचा खडा घालत असत, काच स्वच्छ पांढरी दिसावी म्हणून. तिला वर्षानुवर्षं ऊन लागलं की तोच खडा तिला जांभळी करतो. पेटीत ठेवली तर शंभर वर्षंही काही होत नाही." मग तिनं दोन्ही ओळींवरून नजर फिरवली. "पण निम्म्याच कशा झाल्या?"

दादानं कानशीवरचा कीस झटकला. "झाल्या."

"हरकत नाही," बाई विचार करून म्हणाली. "दाराच्या दोन्ही बाजू एका वेळी कोण बघतंय? जांभळ्या बाहेरच्या बाजूला लावू, वाचक येतात तिकडं. पांढऱ्या आतून. छान दिसेल. तुमच्या वडिलांची पाटी उद्याच करायला टाकते."

दादाला दिसलं. नऊ दारं. येणारा प्रत्येक माणूस जांभळ्या मुठीला हात लावून आत जाणार, पांढरीला लावून बाहेर पडणार. कुणी तरी विचारणारच, हे असं का? आणि गावात सांगणारे काही कमी नाहीत. दोन भाऊ होते म्हणतील. एक वेडा, एक त्याहून वेडा. वर आबांच्या नावाची पाटी. आणि आबा? जोडी फुटली तर मूठ तिथंच सोडून येणारे आबा?

"नाही," तो म्हणाला.

"काय नाही?"

"ही जोडी नाही. लावायच्या नाहीत."

"अहो, पण मला चालतंय."

"मला चालत नाही. आबांना चाललं नसतं."

बाईनं पुष्कळ समजावलं. सोमवारपर्यंत वेळ देते म्हणाली. सोमवार आला आणि गेला. मंगळवारी बाईनं नव्या मुठी करायला टाकल्या, साध्या पितळी, आणि पाटीचं काम रद्द केलं. दादाची बायको त्या रात्री एवढंच म्हणाली, "एका माणसाच्या हट्टापायी किती माणसं उपाशी राहतात हो. मेलेलीसुद्धा."

बुधवारी सकाळी दादानं आपल्या नऊ पांढऱ्या मुठी इमारतीच्या गच्चीवर नेल्या आणि कठड्यावर ओळीनं मांडल्या. उन्हात. आणि धाकट्याच्या नऊ जांभळ्या? त्या त्यानं काळ्या कापडात गुंडाळल्या, कापूस भरला आणि पत्र्याच्या पेटीत घालून कुलूप लावलं.

बायको बघत राहिली. "या कशाला कोंडल्या?"

"त्या आणखी पुढं जायला नकोत. थांबल्या पाहिजेत. या तिथवर पोचेपर्यंत."

"किती दिवस लागतील?"

"बावीस वर्षं लागली होती."

बायकोनं बोटांवर मोजलं. "म्हणजे तुम्ही चौऱ्याण्णव. मी एक्क्याण्णव. गच्चीवर कोण चढणार? मला उचलून न्याल का?"

त्या दिवसापासून त्याचा नेम सुरू झाला. सकाळी उठला की गच्ची, संध्याकाळी दुकानातून आला की गच्ची. खिशात पांढऱ्या कागदाचा तुकडा. मूठ त्यावर ठेवायची, डोळे बारीक करून बघायचं, काही झाक आलीय का? तीन आठवड्यांत कशी येणार? पण तो बघायचा.

बंगल्याचं वाचनालय उघडलं. धाकटी तिथं गेली होती. नवाच्या नऊ दारं तिनं बघितली आणि तिथून तडक दादाच्या घरी आली. तो गच्चीवर आहे असं कळल्यावर जिने चढून वर आली. दम लागला होता, तरी बसली नाही.

"पितळी आहेत तिथं," ती म्हणाली.

दादानं हातातला कागद खिशात सरकवला.

"वचन दिलं होतंत. दारांवर लावायला दिल्या होत्या मी. कुठं आहेत माझ्या?"

"पेटीत."

"पेटीत!" तिचा आवाज चिरकला. "बावीस वर्षं उन्हात राहिलेल्या वस्तू तुम्ही पेटीत घातल्यात? यांच्या हातच्या?"

"जोडी जमू दे. मग सगळ्या एकदम देतो."

"कधी जमेल?"

"थांब जरा," तो म्हणाला, आणि म्हणतानाच त्याला कळलं की आपण तिला बावीस वर्षं थांबायला सांगतोय.

धाकटी त्याच्याकडं बघत राहिली. मग कठड्यापाशी गेली. नऊ पांढऱ्या मुठी बघितल्या. ती रडेल असं दादाला वाटलं, शिव्या देईल असंही वाटलं. तिनं पहिली मूठ उचलली आणि थोडी फिरवून, दुसरा पैलू सूर्याकडं करून परत ठेवली.

"अशा नुसत्या मांडून चालत नाही," ती म्हणाली. "रोज जरा फिरवाव्या लागतात. नाहीतर एकाच गालावर रंग चढतो."

"कुणी सांगितलं?"

"हे फिरवायचे. कामावर जायच्या आधी, छत्तीसच्या छत्तीस. मी म्हणायचे, कशाला एवढा उपद्व्याप? तर म्हणायचे, दादाचा हात माझ्यापेक्षा नीट. तो फिरवतच असणार. माझ्या एका अंगानं रंगल्या तर त्याच्यासारख्या दिसायच्या नाहीत, मग जोडी जमवायची कशी?"

तिनं दुसरी मूठ फिरवली, तिसरी फिरवली. चौथीपाशी तिचा हात थांबला. उरलेल्या तशाच ठेवून ती वळली आणि जिन्याकडं गेली. पेटीची किल्ली तिनं मागितली नाही. दादाच्या कमरेला ती होती. त्यानं किल्लीवर हात ठेवला, काढावी असं त्याच्या मनात आलं. पण तोवर जिन्यावरची पावलं खालच्या मजल्यावर पोचली होती, आणि थोरल्यानं हाका मारत मागं धावायचं म्हणजे...

तो तिथंच बसला. दुपार कलली. समोरच्या उंच इमारतीची सावली गच्चीवर आली, ती रोजच तीनच्या सुमारास यायची; सकाळी दहापर्यंत पाण्याच्या टाकीची असायची. त्यानं मोजलं नव्हतं ते आज मोजलं. म्हणजे धाकट्याच्या गॅलरीला जेवढं ऊन, त्याच्या निम्मंच इथं. बावीस नव्हे, चव्वेचाळीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वर गेला. मुठी फिरवायला घेतल्या तर कुठली काल कुठवर फिरली होती, ते आठवेना. गोल वस्तू, खूण कशाची धरणार? तो खाली आला, दुकानातून बारीक कानस घेऊन वर गेला, आणि पहिल्या मुठीच्या पितळी गळ्यावर एक रेघ मारली. पितळ कर्र वाजलं. मग दुसरीवर. मग तिसरीवर.

बायको कपडे वाळत घालायला वर आली होती. तिनं कानस बघितली आणि ती जागीच उभी राहिली.

"अहो," ती म्हणाली, "आबा..."

"माहीत आहे," दादा म्हणाला, आणि चौथी मूठ उचलली.